ग्रुपवर एकशे चाळीस जण, दारात एकही नाही

पत्र

ताई, नमस्कार. वय बेचाळीस. जन्म कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला, तालमीच्या कट्ट्यावरच वाढलो. नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. दोन वर्षांपूर्वी कळंब्याला फ्लॅट घेतला. जूनमध्ये एका रात्री दहाच्या सुमाराला आई बाथरूममध्ये घसरून पडली. तिला उठताच येईना. माझी गाडी गॅरेजला होती. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'आई पडलीय, दवाखान्यात न्यायचंय, कुणाची गाडी मोकळी आहे का?' ग्रुपवर एकशे चाळीस जण. पंचवीस मिनिटांत साठेक जणांनी मेसेज वाचला. चौघांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं, एकानं लिहिलं 'काळजी घे भावा'. गाडी एकाचीही आली नाही. शेवटी खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या दारावर थाप मारली. त्याचं नावसुद्धा मला धड माहीत नव्हतं. तो बनियनवरच बाहेर आला आणि आईला उचलून त्याच्या गाडीत घातलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आता वॉकरवर चालते.

२०१९ च्या पुरात हीच पोरं आणि मी चिखली-आंबेवाडीला रात्रंदिवस पाण्यात होतो. मग माझ्याच आईच्या वेळी काय झालं? त्यातला एक तर लहानपणापासूनचा जिगरी. दवाखान्यात आला नाही, फोन केला नाही, परवा रंकाळ्यावर समोरून आला तर मान फिरवून गेला. मी ग्रुप सोडला. बायको म्हणते, तुमचे दोस्त मिरवणुकीपुरते. माणसं ओळखू आली एवढं खरं. आता गणपतीची वर्गणी मागायला येतील. द्यावी, का संबंधच तोडून टाकावा?

— एक पेठकर

उत्तर

दादा, वर्गणी द्या. दरवर्षी देता तेवढीच द्या. रागाचा हिशेब पावतीपुस्तकात मांडला की तो तिथंच राहतो, आणि पेठेत जुनी पावतीपुस्तकं फार जपून ठेवतात.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. वयस्कर माणूस पडलं आणि उठता येत नसेल, तर पहिला फोन १०८ ला. सरकारी ॲम्ब्युलन्स फुकट येते. खुब्याचं हाड मोडल्याची शंका असताना माणसाला उचलून मोटारीच्या सीटवर बसवायचं नसतं, स्ट्रेचर लागतं. तुमच्या शेजाऱ्यानं जे केलं ते मनापासून केलं आणि निभावलं. पण त्या रात्री गरज गाडीची नव्हती. बारा जण बारा गाड्या घेऊन आले असते तरी हे असंच होतं.

आता त्या पंचवीस मिनिटांकडे येऊ.

१९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमधला आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना वेगवेगळ्या खोल्यांत एकेकटं बसवलं होतं. कानाला हेडफोन, समोर माइक. कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं, फक्त आवाज. बोलता बोलता त्यातल्या एकाला फिट आल्याचं ऐकू येऊ लागलं. तो अडखळतोय, गुदमरतोय, मदत मागतोय. हा आवाज आधीच रेकॉर्ड केलेला होता, पण ऐकणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. हे ऐकणारा मी एकटाच आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के फिट संपायच्या आत सांगायला धावले. आपल्याशिवाय आणखी एक जण ऐकतोय असं वाटणाऱ्यांत ६२ टक्के. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत फक्त ३१ टक्के.

हे आकडे मानसशास्त्राच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांत असतात. मला मात्र त्यापुढचा, सहसा गाळला जाणारा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. जी मुलं उठलीच नाहीत त्यांच्या खोलीत नंतर संशोधक गेले, तेव्हा ती निवांत बसलेली नव्हती. हात थरथरत होते, तळवे घामेजले होते, कित्येकांनी पहिला प्रश्न विचारला तो, 'तो बरा आहे ना?' धावून गेलेल्या मुलांपेक्षा ही बसून राहिलेली मुलं जास्त हादरलेली दिसत होती. त्यांना काळजी वाटत होती. उठावं का बसावं, हे त्यांचं ठरलंच नव्हतं. आणि बाकीचे ऐकत होते म्हणून तू उठला नाहीस का, असं विचारल्यावर ती म्हणाली, छे, त्याचा काही संबंध नाही.

म्हणजे तुमच्या साठ जणांना आज धरून विचारलंत तरी खरं कारण सांगता येणार नाही. लपवतात म्हणून नव्हे. त्यांनाही ते माहीत नाही.

त्या रात्री दहाला ते साठ जण कुठं होते, जरा डोळ्यांपुढं आणा. एक गंगावेशीत दुधाचा ग्लास हातात घेऊन उभा, एक जेवायला बसलेला, एक शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळीला, एक पोराला झोपवतोय. मेसेज वाचल्यावर प्रत्येकाच्या मनात साधारण एकच वाक्य: एवढी पोरं आहेत, कुणीतरी निघालंच असेल. मग खाली हात जोडलेले दिसतात. ते बघून पुढच्याला वाटतं, चला, बोलणं झालंय, म्हणजे व्यवस्था झाली. शिवाय कुणी घाबरून धावपळ करताना दिसत नाही, तेव्हा फार गंभीर नसावं असाही अर्थ निघतो. प्रत्येक जण दुसऱ्याच्या गप्प बसण्यावरून अंदाज बांधतो, आणि दुसरा याच्या गप्प बसण्यावरून. जबाबदारी एकशे चाळिसांत वाटली गेली की एकेकाच्या वाट्याला चिमूटभर येते, आणि चिमूटभर जबाबदारीनं कुणी ताटावरून उठत नाही.

व्हॉट्सॲप यायच्या बऱ्याच आधी, २००० साली, पॅट्रिक मार्की नावाच्या संशोधकानं हेच इंटरनेटवरच्या गप्पांच्या खोल्यांत तपासलं. चारशे वेगवेगळ्या गटांत त्यानं मदत मागितली. काम अगदी किरकोळ, संगणकावरची एक माहिती कशी बघायची एवढंच. गटात माणसं जितकी जास्त, तितका मदत यायला उशीर. पण कुणा एकाचं नाव घेऊन विचारलं, की गर्दीचा हा परिणाम नाहीसा व्हायचा.

हे वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे चूक माझीच, मेसेज नीट लिहिला नाही. तसं अजिबात नाही. आई जमिनीवर विव्हळत असताना कुणी मसुदा करत बसत नाही. पण घडलं काय, ते बघा. 'कुणाची गाडी मोकळी आहे का?' हा प्रश्न एकशे चाळीस जणांना होता, म्हणून तो एकालाही नव्हता. खालच्या मजल्यावरची थाप मात्र एकाच दारावर पडली. त्या माणसाचं तुमच्यावर दोस्तांपेक्षा जास्त प्रेम होतं अशातला भाग नाही, तुमचं त्याचं बोलणंच नव्हतं. दार उघडलं तेव्हा समोर तुम्ही होता आणि 'दुसरं कुणीतरी बघेल' म्हणायला मागं कुणी उभं नव्हतं.

मग पुरात काय वेगळं होतं? खूप काही. या विषयावर बोलताना अनेक जण गर्दीलाच दोष देतात. गर्दी जमली की माणुसकी संपते, वगैरे. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा खून झाला, ३८ जण खिडक्यांतून बघत राहिले, एकानंही काही केलं नाही, अशी बातमी तेव्हा छापून आली आणि पुढं जगभर सांगितली गेली. डार्ली-लातानेंना प्रयोग सुचला तो त्यातूनच. ती बातमी फुगवलेली होती, हे नंतर उघड झालं. आणि २०१९ साली रिचर्ड फिलपॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या शहरांतल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांची चित्रणं तपासली. २१९ भांडणं होती. दर दहांपैकी नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी निदान एक जण तरी मध्ये पडला होता. माणसं जितकी जास्त, तितकी कुणीतरी पुढं येण्याची शक्यताही जास्त होती.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकमेकींच्या विरोधात नाहीत. रस्त्यावर माणसं एकमेकांना दिसतात. एक पुढं सरकला की दुसऱ्याचा पाय निघतो. तुमच्या आई महाद्वार रोडला पडल्या असत्या, तर रिक्षा थांबवायला, पाणी द्यायला, पिशवी उचलायला माणसं आपापसांत भांडली असती, आणि त्यांत हीच साठातली पोरं असती. चिखलीत तुम्हाला पाणी चढताना दिसत होतं, हातात दोर होता, शेजारचा कमरेएवढ्या पाण्यात उतरलेला होता. कुणाला काय करायचंय हे विचारावं लागत नव्हतं. ग्रुपवर मात्र प्रत्येक जण आपल्या खोलीत, हेडफोन लावून बसलेला. माणसं तीच होती.

आणखी एक बारकावा आहे, तो तुम्हाला थोडा लागेल. लँकेस्टर विद्यापीठात मार्क लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायला सांगितलं. वाटेत एक धावणारा माणूस घसरून पडतो आणि घोटा धरून कळवळतो. त्याच्या अंगात युनायटेडची जर्सी असली तर बहुतेक जण मदतीला थांबले. कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलची जर्सी किंवा साधा शर्ट असला तर बरेच जण पुढं निघून गेले. दुसऱ्या फेरीत मुलांशी आधी 'आपण सगळे फुटबॉलवेडे' या सुरात बोलणं झालं. मग लिव्हरपूलच्या जर्सीवाल्यालाही मदत मिळाली. साध्या शर्टवाल्याला तेव्हाही फारशी नाहीच. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून फुटबॉल मॅच बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

तुमची जर्सी मंडळाचीच आहे, यात शंका नाही. पण कळंब्याला गेल्यापासून ती त्यांना रोज दिसत नाही. कट्ट्यावर रोज दिसणाऱ्याची आई पडली असती तर मेसेजचीही गरज पडली नसती, गल्लीत आरडाओरडा झाला असता. हा माझा तर्क आहे, पण दारांमधलं अंतर मैत्रीत किती मोजलं जातं याचा एक जुना अभ्यास आहे. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबांना विचारलं, तुमचे जवळचे मित्र कोण? १९५० साली निष्कर्ष आले. अगदी शेजारच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के लोकांची नावं जवळच्या मित्रांत निघाली, एक दार सोडून राहणाऱ्यांची २२ टक्के, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांची फक्त १० टक्के. एका मजल्यावर एवढा फरक, मग शिवाजी पेठ ते कळंबा! त्या भाडेकरूला, दादा, एकदा सहकुटुंब जेवायला बोलवा. तांबडा-पांढरा करा. नाव विचारून घ्या.

आता जिगरी दोस्त. खरं तर तुमचं सगळं पत्र त्याच्यासाठीच आहे. बाकीच्या एकशे एकोणचाळिसांवर तुम्ही दोन महिने रुसला नसता.

तो दवाखान्यात का आला नाही, आणि रंकाळ्यावर मान का फिरवली? तुमचं उत्तर: माज आलाय, किंवा कधी दोस्त नव्हताच. माझं उत्तर वेगळं आहे. त्याच फेस्टिंगरनं १९५७ साली मांडलं, की माणसाच्या डोक्यात एकमेकींशी न पटणाऱ्या दोन गोष्टी शेजारी शेजारी राहिल्या की त्याला स्वस्थ बसवत नाही. कसंही करून तो त्यांचा मेळ घालतो. तुमच्या दोस्ताच्या डोक्यातल्या दोन गोष्टी या: 'मी त्याचा जिवाभावाचा दोस्त' आणि 'त्याची आई पडली तेव्हा मी गेलो नाही'. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात येऊन 'चुकलं रे' म्हटलं असतं तर मेळ बसला असता. त्या सकाळी लाज आडवी आली. तिसऱ्या दिवशी आणखी लाज, कारण आता दोन दिवसांचा उशीर. आठवडा झाल्यावर माफी मागणं डोंगराएवढं झालं आणि दुसरा रस्ता सोपा वाटू लागला: 'मला वेगळा फोन कुठं केला त्यानं? फ्लॅट घेतल्यापासून साहेब झालाय.' तेवढ्यात तुम्ही ग्रुप सोडलात. त्याला आयता पुरावा मिळाला.

भावना आधी येते, कारणं मागाहून जुळवली जातात, हे फेस्टिंगरला सुचायला आपल्याकडचाच एक अभ्यास उपयोगी पडला होता. जानेवारी १९३४ च्या बिहारच्या मोठ्या भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी लोकांतल्या अफवा गोळा केल्या. जिथं धक्के बसले पण पडझड झाली नाही, तिथं पसरलेल्या अफवा धीर देणाऱ्या नव्हत्या. याहून भयंकर काहीतरी येणार, असंच त्या सांगत होत्या. फेस्टिंगरनं त्याचा अर्थ लावला तो असा: लोक घाबरलेले होतेच, आजूबाजूला सगळं धड दिसत होतं, मग त्या भीतीला शोभेल असं संकट त्यांनी उभं केलं. तुमचा दोस्त लाजलेला आहे, आणि त्या लाजेला शोभेल असा दोष तो तुमच्यात शोधतोय.

तुम्हीही तेच करताय. 'माणसं ओळखू आली' हे तुमचं वाक्य मला खटकलं. दुसऱ्याची वागणूक दिसली की आपण तिचं मूळ थेट त्याच्या स्वभावात शोधतो, त्या वेळच्या परिस्थितीकडे बघतच नाही. ली रॉस यांनी १९७७ साली या खोडीला 'मूलभूत चूक' म्हटलं. गंमत म्हणजे या बाबतीत आपण अमेरिकनांपेक्षा बरे निघालो होतो. जोन मिलर यांनी १९८४ साली शिकागोतल्या आणि म्हैसूरमधल्या लोकांच्या उत्तरांची तुलना प्रसिद्ध केली. शिकागोत वय वाढेल तसे लोक दुसऱ्याच्या वागण्याला स्वभावाचं कारण जास्त देत गेले. म्हैसूरमध्ये वय वाढेल तसे ते नाती, प्रसंग, अडचण यांकडे जास्त बोट दाखवत गेले. घरातली जुनी माणसं कुणाच्या चुकीवर पहिलं वाक्य काय बोलतात? 'असेल काहीतरी अडचण.' ते शहाणपण आपल्याकडे आहे. फक्त आपल्याला लागलं की ते विसरतं.

वहिनींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. एकशे चाळिसांतले बरेचसे खरंच मिरवणुकीपुरतेच असतील, आणि त्यात गैर काही नाही. कुठल्याही मंडळाला मिरवणुकीपुरती माणसं लागतातच. पण जिगरी दोस्ताला त्या ढिगात टाकायच्या आधी त्याला एकट्याला हाक मारून बघितलेली नाही, हे वहिनींनाही पटेल.

म्हणून आता करायचं ते असं. ग्रुपवर काही लिहू नका, परत ॲडही होऊ नका इतक्यात. मध्यस्थ घालू नका, पेठेत मध्यस्थ घातला की प्रकरण चौकात येतं. तो घरी असेल अशा वेळी दार वाजवा. जुनी उजळणी, 'तुला काय वाटलं होतं' वगैरे नको. एवढंच सांगा: 'त्या रात्री तू येशील असं वाटलं होतं. नाही आलास ते लागलं.' मग त्याला बोलू द्या. तो कारणं देईल, त्यातली निम्मी त्यानं या दोन महिन्यांत शिवलेली असतील. ती खोडू नका. त्याला उठून जायला जागा ठेवून लगेच काम सांगा: 'आईला पुढच्या आठवड्यात तपासणीला न्यायचंय. वॉकर आहे, मला एकट्याला जमत नाही. तू गाडी घेऊन नऊला ये.' दिवस, वेळ, काम, नाव, सगळं स्पष्ट. तुमची गाडी आता दुरुस्त होऊन आली असेल, तरी सांगा. त्याच्या डोक्यातल्या त्या दोन गोष्टींचा मेळ घालायला त्याला तुमच्या माफीपेक्षा हे काम जास्त उपयोगी पडेल. तुमच्या आईंनी लहानपणापासून त्याला जेवायला घातलं असणार. तुमच्यासमोर नाही, पण त्यांच्यासमोर तो रडेल, असा माझा अंदाज.

आणि नाहीच आला तर? नाव घेऊन, वेळ सांगून, तोंडावर मागितलं, येणं शक्य होतं, तरी आला नाही, तर मग गर्दी, ग्रुप, परिस्थिती यांच्यामागं लपायला त्याला जागा उरत नाही. तेव्हा 'माणूस ओळखू आला' म्हणा, मी अडवणार नाही. मानसशास्त्र कुणाचा वकील नाही. इथपर्यंत ते तुमच्या दोस्ताच्या बाजूनं बोललं, यापुढं बोलणार नाही.

राहता राहिलं मंडळ. गणपतीच्या मीटिंगला जा आणि एक ठराव मांडा. मंडपाचं, बंदोबस्ताचं, महाप्रसादाचं काम कुणाकडे हे मंडळ नावानिशी ठरवतंच. तशीच रात्री-अपरात्रीच्या अडचणीची एक यादी करायला लावा. कुणाकडे गाडी आहे, कोण कुठल्या भागात राहतो, कुठल्या आठवड्याला कोण, फोन नंबर काय. वर मोठ्या अक्षरांत १०८. ग्रुपवर मेसेज आला की त्या आठवड्याच्या माणसानं पाच मिनिटांत 'निघालो' लिहायचं, आणि तो बाहेरगावी असेल तर त्याच्याखालच्यानं. चौघं हसतील, एखादा 'काय ऑफिस काढलंय काय' म्हणेल. म्हणू द्या. यादी बनवताना पेठेतल्या गल्ल्यांपुढं नावं पटापट पडतील. आता पेठेतली बरीच घरं उपनगरांत गेलीत, फुलेवाडी, पाचगाव, कळंबा हे रकाने रिकामे राहतील. कळंब्यापुढं तुमचं नाव तुम्हीच लिहा, आणि त्याखाली त्या खालच्या मजल्यावरच्याचं, त्याला विचारून.